दोष एकट्या खातेदाराचा नाही

'पैसे पाठवायला कोणी सांगितलं होतं?' फसवल्या गेलेल्या माणसाला बँकेत, पोलीस ठाण्यात आणि घरातही पहिला प्रश्न हाच ऐकावा लागतो. त्यामागचा युक्तिवाद असा: बँका सतत संदेश पाठवतात, रिझर्व्ह बँक जाहिराती करते, एवढं सांगूनही खातेदार फसला तर बँकेचा काय दोष? ऐकायला हे बिनतोड वाटतं. मला ते मुळीच मान्य नाही.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंबरोबर मी त्यांच्या बँकेत गेलो होतो. काकू निवृत्त शिक्षिका. सीबीआयचा अधिकारी म्हणवणाऱ्याने त्यांना दोन दिवस व्हिडिओ कॉलवर डांबून ठेवलं होतं. 'डिजिटल अरेस्ट' नावाची अटक आपल्या कायद्यात नाहीच, पण भेदरलेल्या माणसाला ते कुठून सुचणार? त्यांनी ओटीपी कुणालाही दिला नव्हता. स्वतः शाखेत जाऊन दोन मुदत ठेवी मोडल्या आणि आरटीजीएसचा फॉर्म भरला. तो फॉर्म मी पाहिला. एरवीचं मोत्यासारखं अक्षर थरथरलेलं, लाभार्थीच्या नावात खाडाखोड, सही दोनदा, कारण पहिली जुळली नव्हती. शेजारी बँकेचा शिक्का. ज्या खात्यातून कधी पन्नास हजारांवर रक्कम गेली नाही, त्यातून साडेआठ लाख परराज्यातल्या एका अनोळखी कंपनीच्या खात्यात गेले. सही तपासली गेली. 'काकू, एवढे पैसे कुणाला पाठवताय?' हे कुणी विचारलं नाही. त्या प्रश्नाला कुठलं तंत्रज्ञान लागत नाही. हैदराबादेत २०२४ साली स्टेट बँकेच्या कर्मचाऱ्यांनी असेच प्रश्न विचारून वयस्कर ग्राहकांची पुंजी वाचवली होती.

शिवाय चोराला पैसे घ्यायलाही खातं लागतं, आणि ते कुठल्या तरी बँकेनेच उघडलेलं असतं. दुसऱ्याच्या आधार-पॅनच्या प्रती वापरून, नाहीतर गरजू माणसाला चार पैसे देऊन त्याचं खातं भाड्याने घेऊन हा उद्योग चालतो. काल उघडलेल्या खात्यात आज लाखो रुपये येतात आणि तासाभरात दहा ठिकाणी फुटतात. हे काकूंना दिसणं शक्य नव्हतं. बँकेला दिसत होतं.

ओटीपी दिला की विषय संपला, हेही खरं नाही. आसाममधल्या एका खातेदाराचे ९४,२०४ रुपये गेले, तेव्हा तो निष्काळजी होता हा बँकेचा बचाव गुवाहाटी उच्च न्यायालयाने मानला नाही आणि जानेवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बँकेलाच जबाबदार धरलं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर एक रुपयाचाही बोजा पडत नाही. चूक ग्राहकाची होती, हे सिद्ध करण्याचं ओझंही बँकेवर आहे. किती शाखांमध्ये हे खातेदाराला सांगितलं जातं?

पण या परिपत्रकाचं छत्र ग्राहकाच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांपुरतंच आहे. भीती घालून ग्राहकाकडूनच पैसे पाठवून घेतले, तर तो उघड्यावर. काकूंना लेखी उत्तर मिळालं ते एका ओळीचं: 'व्यवहार खातेदाराने स्वतः केला आहे.'

भरपाई दिली तर लोक बेफिकीर होतील, असं म्हणतात. आयुष्यभराची ठेव कुणी बेफिकिरीने घालवत नाही. ब्रिटनने ७ ऑक्टोबर २०२४पासून अशा फसवणुकीत ८५ हजार पौंडांपर्यंत भरपाई सक्तीची केली, आणि तिचा निम्मा भार पैसे पाठवणाऱ्या बँकेवर, निम्मा स्वीकारणाऱ्या बँकेवर टाकला. ग्राहकाने हद्दीबाहेर हलगर्जी केली असेल तर भरपाई नाकारण्याची सोयही ठेवली. माझ्या मते कळीचा भाग तो निम्म्या-निम्म्याचा आहे. चोराचं खातं सांभाळण्याची किंमत मोजावी लागली की बँका खातं उघडतानाच डोळे उघडे ठेवतील. हा नियम आपल्याकडे यायला हवा. आणि वयस्कर ग्राहक ठेवी मोडून अनोळखी खात्यात मोठी रक्कम पाठवत असेल, तर ती एक दिवस थांबवून घरच्या माणसाला फोन करण्याची मुभा शाखेला हवी.

तोवर एवढं करा. पैसे गेल्याचं कळताच, लाज न बाळगता, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक फिरवा. त्याच दिवशी शाखेत लेखी तक्रार द्या आणि तारीख-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.