फुकटं कोण खातंय?



'रेवडी' हा शब्द आता पेढीवरच्या लहान पोरांनाही पाठ झालाय. जुलै २०२२ मध्ये पंतप्रधान उत्तर प्रदेशात एका महामार्गाच्या उद्घाटनाला बोलले की, फुकट वाटण्याची ही रेवडी संस्कृती देशाला घातक आहे. तेव्हापासून टीव्हीवर चर्चा सुरूच आहे. निवडणूक आली की सगळेच पक्ष वाटतात आणि निवडणूक संपली की सगळेच हिशोब काढतात. आपल्या राज्यात २०२४ ला लाडकी बहीण आली, महिन्याला पंधराशे. मग निकषात बसत नाही म्हणून नावं उडायला लागली. बाजाराच्या दिवशी हॉटेलात बसलेली पोट भरलेली माणसं म्हणतात, "सरकारनं फुकट देऊन देऊन या लोकांना आळशी करून ठेवलंय." या लोकांना म्हणजे कुणाला, हे आपल्याला न सांगता कळतं.

तर मग फुकटाचा हिशोब एकदा होऊनच जाऊ द्या. तो जमिनीपासून करू, कारण आपलं भांडण जमिनीचं आहे.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात जंगल नावालाच आहे. येडशीचा रामलिंग घाट आणि इकडंतिकडं वनखात्याचे माळ, एवढंच. नंदुरबार-गडचिरोलीचे साथी हे पत्रक वाचतात, त्यांना वाटत असेल की जंगल नाही तिथं आदिवासी कसला? आहे. आम्ही फासेपारधी. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून आम्हाला जन्मानं गुन्हेगार ठरवलं. आमचा मुलूख निजामाचा, पण त्यानंही तोच कित्ता गिरवला. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कागदावरून पुसला, पण पोलीस पाटलाच्या डोक्यातून कधी पुसला ते कुणी सांगावं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं फासे आणि वाघूर ठेवून द्यायला लावली, बदल्यात काही दिलं नाही. मग आमची माणसं आणि गावोगावची दलित माणसं गायरानात शिरली. दगडं वेचली, माळ फोडला, ज्वारी-तूर पेरली.

हे काही आपणच काढलेलं खूळ नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, माणसांनी तुरुंग भरले. शेजारच्या बीड जिल्ह्यात एकनाथ आवाडांनी गायरानाची लढाई गावागावात नेली. या रेट्यामुळं सरकारला १९७८ ला आणि परत २८ नोव्हेंबर १९९१ ला शासन निर्णय काढावा लागला. १९९१ चा निर्णय काय सांगतो? १४ एप्रिल १९९० पर्यंत ज्या भूमिहीन मागासवर्गीयानं गायरान कसलं, त्याच्या नावानं ती जमीन करून द्या. बाबासाहेबांच्या शंभराव्या वर्षाची ती तारीख. तेव्हापासून पस्तीस वर्षं होत आली. ज्यांनी अर्ज केला त्यातली कित्येक माणसं मातीत गेली, आता नातवंडं तहसीलच्या पायऱ्या चढतात. एकरकमी उत्तर ठरलेलं आहे: "प्रस्ताव वर पाठवलाय."

वर म्हणजे कुठं, ते कुणी दाखवत नाही.

आता दुसरी फाईल बघा. राज्य सरकारनं २०२३ ला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० आणली. १६ हजार मेगावॅट वीज सूर्यावर करायची, गावच्या उपकेंद्राजवळ पॅनल उभे करायचे, शेतकऱ्याला दिवसा वीज द्यायची. त्यासाठी सरकारी जमीन, म्हणजे बहुतेक ठिकाणी गायरान, तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं द्यायची. भाडं किती? वर्षाला एक रुपया, नाममात्र. साधा चहा दहा रुपयांना आहे. जमीन जाते सरकारी वीज कंपनीमार्फत खासगी विकासकाकडं, तो पॅनल लावतो आणि वीज सरकारलाच विकतो. पस्तीस वर्षं जी फाईल वर पोचली नाही ती आपली, आणि ही फाईल मात्र महिन्यांत पोचते. कलेक्टर कचेरी तीच, शिपाई तोच, टेबलही तेच.

आणि याला मात्र कुणी रेवडी म्हणत नाही. याला गुंतवणूक म्हणतात.

जमिनीला भावच नाही म्हणावं, तर तसंही नाही. त्याच योजनेत खासगी शेतकऱ्याची जमीन घेतली तर हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला, आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. म्हणजे भाव सरकारला माहीत आहे, त्यानंच लिहून ठेवलाय. आता गणित करा. एका मेगावॅटला साधारण चार एकर धरू. पाच मेगावॅटला वीस एकर, म्हणजे आठ हेक्टर. सरकारच्याच दरानं वर्षाचं भाडं दहा लाख. वाढ धरली नाही तरी तीस वर्षांचे तीन कोटी. ही वीस एकर दहा भूमिहीन घरांच्या नावावर दोन-दोन एकर असती, तर प्रत्येक घराला बसल्या जागी वर्षाला लाख रुपये आले असते. कोयता घेऊन उसाच्या फडावर जायची वेळ आली नसती, उचल घ्यायची वेळ आली नसती, पोरांची शाळा दिवाळीनंतर सुटली नसती. हे सगळं त्या एका रुपयात गेलं. ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, तेही तीन वर्षं, एवढंच गावाच्या पदरात. त्या पंधरा लाखांत पेढीपर्यंत रस्ता येईल का, हे ज्यानं त्यानं आपापल्या सरपंचाला विचारावं.

कुणी म्हणेल, तुम्ही शेतकऱ्याच्या विजेच्या आड येताय. नाही येत. रात्री दोनला मोटार चालू करायला जाऊन साप चावून मेलेली माणसं आम्हीही पाहिली आहेत. दिवसा वीज मिळालीच पाहिजे. पण दिवसाची वीज कुणाच्या मोटारीला? ज्याला विहीर आहे, ज्याला सातबारा आहे, त्याच्या. ज्याच्याकडं गुंठाभर जमीन नाही त्यानं आपली कसती जमीन द्यायची आणि वीज बागायतदारानं घ्यायची. द्यायचंच असेल तर आधी पट्टा करा, मग भाडं ठरवा. आमच्यातलं कुणी सूर्याशी भांडत नाही.

अतिक्रमण म्हणतात आपल्याला. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टानं गायरानावरची अतिक्रमणं वर्षाअखेर काढा म्हणून सांगितलं, तेव्हा सरकारनं कोर्टात आकडा दिला तो सव्वादोन लाखांच्या आसपास बांधकामांचा. नोटिसा आल्या, पत्र्याच्या घराला चिकटवून गेले. त्या थंडीत किती पेढ्यांवर चूल नीट पेटली नाही ते आपल्याला माहीत आहे. बोंब झाली तेव्हा सरकार म्हणालं, घरं पाडणार नाही. बरं, घर राहिलं. शेताचं काय?

अधिकारी लोक या विषयात सुप्रीम कोर्टाचं नाव घेऊन भीती घालतात. २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा निकाल. गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा, असं त्यात म्हटलंय हे खरं. पण तोच निकाल शेवटपर्यंत वाचला तर त्यात अपवादही लिहून ठेवलाय: शासनाच्या अधिसूचनेनं भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिला असेल, किंवा जिथं शाळा-दवाखाना उभा असेल, तिथं नियमित करता येईल. हे वाक्य तहसीलमध्ये कुणी वाचून दाखवत नाही. त्या निकालानंतर राज्यानं १२ जुलै २०११ ला निर्णय काढला की गायरान कुठल्या खासगी व्यक्तीला, संस्थेला देऊ नये. आपला प्रस्ताव गेला की हाच कागद आडवा येतो. कंपनीचा प्रस्ताव गेला की 'सार्वजनिक प्रयोजन' हे दोन शब्द जोडतात आणि कागद बाजूला सरकतो. भूमिहीनाला जमीन देणं सार्वजनिक प्रयोजन का नाही? आम्ही जनता नाही का?

पवनचक्क्यांचं तर बोलायलाच नको. वाशी, भूम, कळंब, जिकडं बघावं तिकडं पाती फिरतायत. जिथं पैसा फिरतो तिथं गुंड फिरतात. शेजारच्या केज तालुक्यात मस्साजोगच्या सरपंचाचा डिसेंबर २०२४ मध्ये हाल हाल करून खून झाला, आणि पोलिसांच्या आरोपपत्रात पवनचक्की कंपनीकडं मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीचा उल्लेख आहे. एवढ्या पैशाच्या भांडणात आपली दोन एकर कुणाच्या लक्षात राहणार?

जंगलातल्या साथींनो, तुमच्याकडं निदान एक हत्यार आहे. वन हक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असाल तर चार हेक्टरपर्यंत हक्क, आणि गावाला सामूहिक हक्क. मेंढा-लेखानं अठराशे हेक्टर जंगल कागदोपत्री आपलं करून दाखवलं. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर २०१३ साली बारा ग्रामसभांनी वेदांत कंपनीला नाही म्हटलं, आणि ते नाही सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं घेतलेलं होतं म्हणून टिकलं. म्हणूनच दिल्लीला ग्रामसभा खुपते. २०२२ चे वनसंरक्षण नियम नीट बघा: आधी केंद्राच्या मंजुरीच्या वेळीच ग्रामसभेची संमती दाखवावी लागायची, आता केंद्र मंजुरी देऊन मोकळं होतं आणि हक्कांचं बघायचं काम राज्यावर ढकलतं. एकदा दिल्लीची मंजुरी आली, कंपनीचे पैसे भरले गेले, मग कुठला कलेक्टर ग्रामसभेचं नाही ऐकून घेणार? २०२३ ला वनसंवर्धन कायदाच बदलला. तुम्हाला मिळालेलं हत्यार असं बोथट करत आणलंय.

आम्हाला तर तेही नाही. गायरान महसूल खात्याचं, तिथं वन हक्क कायदा चालत नाही. पाचवी अनुसूची मराठवाड्यात नांदेडच्या किनवट भागापुरती, म्हणून पेसा धाराशिवला लागू नाही. आमच्या ग्रामसभेत बहुमत कुणाचं ते सांगायला नको. पेढी गावाच्या बाहेर, दवंडी आमच्यापर्यंत येत नाही, आणि ठराव मात्र 'सर्वानुमते' होतो.

फुकटाच्या हिशोबात अजून दोन आकडे घाला. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारनं कंपन्यांचा कर ३० टक्क्यांवरून २२ वर आणला. सरकारनंच सांगितलं, वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचं उत्पन्न सोडलं. गेल्या दहा वर्षांत बँकांनी १६ लाख कोटींच्या वर कर्ज खात्यातून काढून टाकलं. मंत्री म्हणतात ही माफी नाही, वसुली चालू राहते. असेल. बचत गटाच्या बाईचा एक हप्ता चुकला तर वसुलीवाला दारात बसतो, तसा या बड्यांच्या दारात कोण बसलाय ते दाखवा.

आणि कामाचं? रोजगार हमी ही १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात जन्मली. आपल्याच भागात माणसांनी खडी फोडून, पाझर तलाव खांदून ती कमावली. त्याचाच पुढं देशाचा कायदा झाला: मागेल त्याला काम, मजुरी केंद्र देणार. डिसेंबर २०२५ मध्ये तो मोडून नवा कायदा आणला. दिवस शंभराचे सव्वाशे केले म्हणून ढोल वाजवले, पण खर्चाचा ४० टक्के वाटा राज्यावर टाकला आणि शेतीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत काम बंद ठेवायची सोय केली. हंगामात काम बंद ठेवलं की मजूर बागायतदाराच्या दारात स्वस्तात उभा राहतो. एवढं कळायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. आधीच रोजगार हमीची मजुरी वेळेवर मिळत नव्हती, आता राज्य आणि केंद्र एकमेकांकडं बोट दाखवणार.

धाराशिव २०१८ पासून नीती आयोगाच्या 'आकांक्षित' जिल्ह्यांत आहे. मागास म्हणायला लाज वाटली म्हणून हा शब्द काढला असावा. आमची आकांक्षा साधी आहे, ती १९९१ च्या कागदावर सरकारनंच लिहून ठेवलीय.

आता कामाचं. १ मेच्या ग्रामसभेला प्रत्येक पेढीवरून निम्म्याहून जास्त बाया जायच्या, नुसतं पुरुषांनी जाऊन भागणार नाही. सौर प्रकल्पाचा ठराव मांडला तर आधी विचारायचं: या गटावर कोण कसतंय, त्याची नोंद कुठं आहे? तलाठ्याकडून (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं म्हणे) गाव नमुना एक-ई, म्हणजे अतिक्रमण नोंदवही, तिचा १९९० च्या आधीचा उतारा लेखी अर्जानं मागा. त्यात आजोबाचं नाव असेल तर तोच आपला सगळ्यात मोठा पुरावा. दंड भरल्याच्या जुन्या पावत्या पत्र्याच्या पेटीत असतील, त्या शोधा, झेरॉक्स काढा, मूळ कुणाच्या हातात देऊ नका. जमिनीवर वनखात्याचा शेरा असेल तर गायरानाचा अर्ज करत बसू नका, तिथं वन हक्काचा दावा लागतो. ठरावाला विरोध असेल तर तो इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठायचं नाही, अंगठा असो की सही. कोऱ्या हजेरीपटावर सही करू नका, नंतर तीच संमती म्हणून लावतात. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोस्टाची पावती संघटनेच्या फाईलला लावायला आणून द्या.