बिननावाची पुडी

चतुर्थी आठ दिवसांवर आली की आमच्या मालवणकडे घराघरांत सफाईचा धडाका सुरू होतो. मुंबईचे चाकरमानी यायचे असतात. काही वर्षांपूर्वी मी न्हाणीघर घासायला घेतले होते. ॲसिड ओतले, तरी पावसाळ्यातले शेवाळाचे डाग हटेनात. कोनाड्यात वर्तमानपत्राच्या कागदातली एक पांढरी पुडी दिसली, तीही वर भुरभुरली. क्षणात हिरवट-पिवळी वाफ उठली, डोळे झोंबले, छाती आवळली. आई मागीलदाराहून ओरडली, "अरे, भायर ये आधी!" तासभर मी खळ्यात खोकत बसलो होतो.

ती पुडी म्हणजे विहिरीत घालायची टीसीएल, ब्लीचिंग पावडर. ॲसिडशी गाठ पडली की तिच्यातला क्लोरीन वायू मोकळा होतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मनांनी शत्रूच्या खंदकांवर सोडला तोच हा वायू! हवेच्या सुमारे अडीच पट जड असल्याने तो फरशीलगत साचतो. म्हणजे उकिडवे बसून घासणाऱ्याच्या, आणि आपल्याकडे बहुधा घरातल्या बाईच्याच, नाकातोंडाशी.

हे वाचून कुणी पावडर उकिरड्यावर फेकून देऊ नये. पावसाळ्यात कॉलरा, कावीळ, जुलाब यांना विहिरीच्या काठावर अडवणारी हीच आहे. "पाण्याक वास येता" म्हणून नाक मुरडणाऱ्यांपैकी मी एके काळी होतो, आता नाही. जंतूंना ती ऑक्सिडीकरणाने मारते, आणि नेमका तोच गुण तिला घरात धोक्याची करतो. ती स्वतः जळत नाही. जळणाऱ्याला मात्र चेतवते. तरणतलावांसाठी येणारी ६५ ते ७० टक्के क्लोरीनची जहाल पावडर तर तेल, डिझेल किंवा रंगाच्या संपर्कात येऊन आपोआप पेट घेऊ शकते. ज्या खोपीत जाळी आणि डिझेलचे कॅन, तिथे असल्या पावडरीचा डबा असता कामा नये.

घालण्याचेही गणित आहे. १,००० लिटर पाण्याला चांगली पावडर सुमारे अडीच ग्रॅम. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल, तर ते साधारण २८,००० लिटर. पावडर लागते ७० ग्रॅम! आम्ही मात्र सुपाने ओतणार. पावडर पाण्यात कालवून, चुना खाली बसू देऊन, वरची निवळ तेवढी विहिरीत सोडायची आणि तासभर थांबायचे. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तर घरगुती विहिरीसाठी एकात एक अशी दोन मडक्यांची युक्ती काढली आहे. आत वाळू आणि पावडर, आणि मडकी पाण्यात टांगलेली. दोन-तीन आठवडे क्लोरीन थोडा थोडा झिरपत राहतो.

ताज्या पावडरीत क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो, पण आमच्या दमट हवेत उघड्या पिशवीतला तो हां हां म्हणता उडून जातो. उरतो तो नुसता चुना, आणि विहिरीत औषध घातल्याचे समाधान. शेजारचे खिळे-कड्या गंजतात, ते वेगळेच.

माझी तक्रार पावडरीबद्दल नाही, पुडीबद्दल आहे. साध्या खोकल्याच्या बाटलीवर नाव, तारीख, सूचना असतात. ही मात्र सुटी, कागदात बांधून मिळते. घरी ती कधी खाण्याच्या सोड्याशेजारी बसते, कधी ॲसिडच्या बाटलीशेजारी. विकणाऱ्याने आणि वाटणाऱ्याने पिशवीवर मराठीत चार शब्द छापायला किती खर्च येणार? नाव, तारीख, 'कोरड्या जागी घट्ट झाकून ठेवा', 'ॲसिडमध्ये मिसळू नका'. ग्रामसभेत हा विषय काढला तर लोक हसतील कदाचित. मी काढणार आहे.

तोवर आमच्या घरी प्लॅस्टिकच्या झाकणबंद डब्यात पावडर आहे, पडवीतल्या उंच फळीवर. डब्यावर आईने खडूने लिहिले आहे, 'बावडेचा औषद'. पावसाळी हवेत खडू पुसतो, मग ती पुन्हा लिहिते.