‘रक्तातच असते’ म्हणणाऱ्यांस

जपानहून परतलेल्या सभासदांची प्रवासवर्णने आमच्याकडे अलीकडे वारंवार येतात. त्यांचे आम्ही स्वागतच करतो. पु. लं.च्या ‘पूर्वरंग’वर पोसलेल्या वाचकाला जपानचे कुतूहल असणे स्वाभाविक आहे. परंतु या लेखांतील एक वाक्य आता आम्हांस सोसवेनासे झाले आहे. वेळेवर सुटणाऱ्या गाड्या, चकचकीत रस्ते आणि साकुराचा बहर यांचे वर्णन आटोपले की लेखक देवळांकडे व कलांकडे वळतो आणि एका ओळीत निकाल देऊन टाकतो : परंपरा जपणे जपान्यांच्या रक्तातच आहे. पुढची ओळही ठरलेलीच : नाहीतर आपण!

हे विधान असत्य आहे. शिवाय ते फार सोयीचे आहे.

मेइजी राजवटीने १८६८ साली शिंतो आणि बौद्ध धर्मांची फारकत केली. त्यानंतर ठिकठिकाणी बौद्ध मंदिरे फोडली गेली, मूर्ती जाळल्या अथवा विकल्या गेल्या. नारा येथील कोफुकुजीचे भिक्षू शिंतो पुजारी झाले आणि ते थोर मंदिर ओस पडले. हे सारे करणारेही जपानीच होते; त्यांचे रक्त काही निराळे नव्हते. पुढे ओकाकुरा तेन्शिन आणि अमेरिकन अध्यापक फेनोलोसा यांनी जुन्या मंदिरांची पाहणी केली, आणि १८९७ मध्ये प्राचीन मंदिरांच्या रक्षणाचा कायदा झाला. तोही पुरा पडला नाही. २६ जानेवारी १९४९ रोजी होर्युजीच्या सुवर्णमंदिरातील भित्तिचित्रे आगीत होरपळली. अजिंठ्याशी ज्यांचे साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले होते, तीच ही चित्रे. या हानीने देश हादरला आणि १९५० चा नवा कायदा आला. त्याने वास्तूंबरोबर कौशल्यांनाही संरक्षण दिले. १९५५ पासून नट, विणकर, कुंभार यांची निवड होऊ लागली. ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणून लोक त्यांना ओळखतात. आज त्यांना वर्षाला वीस लाख येन मिळतात, आणि ते कला टिकवण्यासाठी व शिष्य घडवण्यासाठी असतात.

इसेच्या देवस्थानाचेही तसेच. दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नवे मंदिर उभारायचे, ही प्रथा इ. स. ६९० पासूनची. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील यादवीत ती सव्वाशे वर्षांच्या आसपास बंद पडली होती. नंतर ती प्रयत्नपूर्वक पुन्हा सुरू केली गेली. २०१३ मध्ये बासष्टावी उभारणी झाली. पुढची २०३३ मध्ये व्हायची आहे. मुख्य मंदिर कुंपणाआड असल्याने ‘काही दिसलेच नाही’ असे म्हणत आमचे प्रवासी परततात. पण शेजारचा तो रिकामा भूखंड दिसतो ना? म्हातारा सुतार तरण्या सुताराला हात धरून शिकवील, एवढ्यासाठी तो राखलेला आहे. इसेला पाहायचे ते हेच.

यावर कोणी म्हणेल, आठ दिवसांच्या सहलीत एवढे कोठून कळणार? प्रवासी काही संशोधक नव्हे. आम्हांस हे मान्य आहे. मात्र ज्याच्यापाशी वेळ थोडा, त्याने निष्कर्षही थोडेच काढावेत. दहा देवळांऐवजी एक पाहावे, आणि ते आजवर कसे टिकले, कोणाच्या पैशाने टिकले, एवढे तरी विचारावे.

‘रक्तातच असते’ या वाक्याची सोय येथेच उघडी पडते. जे रक्तात आहे ते आपल्याला शिकता येत नाही, म्हणून काही करावेही लागत नाही. कायदा, वर्गणी, शिष्यवृत्ती, चिकाटी या गोष्टी मात्र आपल्यालाही जमण्याजोग्या आहेत, आणि म्हणूनच त्या अडचणीच्या वाटतात.

बडोद्याच्या कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे आहेत. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात ज्यांचा हात तयार झाला आणि १९२४ साली रवींद्रनाथांसमवेत जे जपानला जाऊन आले, तेच हे नंदलाल. होर्युजीच्या भिंतींपुढे हळहळून आलेल्या आमच्या किती सभासदांनी ही भिंत निवांत पाहिली आहे? पुढील प्रवासवर्णन आमच्याकडे धाडण्यापूर्वी लेखकांनी एकदा तेथे जाऊन यावे. त्यासाठी व्हिसा लागत नाही.