गरीब असेल तरच अस्सल?

जॉन ली हुकरचा 'द हीलर' हा १९८९चा अल्बम २०२२मध्ये पुन्हा व्हायनलवर आला. मी तो मागवला, तर ज्या मित्राने मला ब्लूज ऐकायला शिकवलं त्यानेच नाक मुरडलं. "हा कसला हुकर? सान्ताना, बॉनी रेट, रॉबर्ट क्रे गोळा करून केलेला धंदा. खरा हुकर १९४८चा. एकटा माणूस, एक गिटार आणि फळीवर आपटणारा पाय."

तो हुकर मलाही प्रिय आहे. पण तेव्हा त्याचं कसं चाललं होतं, तेही बघा ना. मिसिसिपीतून डेट्रॉइटला आलेला हा माणूस कारखान्यात झाडू मारत होता. 'बूगी चिलन' १९४९मध्ये आर अँड बी यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, पण रॉयल्टीच्या नावाने बोंबच. मग टेक्सस स्लिम, डेल्टा जॉन, बर्मिंगहॅम सॅम अशी नावं घेऊन तो दुसऱ्या कंपन्यांसाठी रोख पैशांवर गात राहिला. आपण ज्याला अस्सलपणा म्हणतो, त्यात हे न मिळालेले पैसेही आहेत.

'आय अ‍ॅम इन द मूड' १९५१मध्ये गाजलं. तेच गाणं 'द हीलर'मध्ये बॉनी रेटसोबत गायल्यावर १९९०मध्ये त्याला पहिलं ग्रॅमी मिळालं. तोवर त्याने सत्तरी ओलांडली होती. आणि आपली तक्रार काय, तर अल्बम फार खपला!

मी कोड लिहून पोट भरतो. माझं अप्रेझल दोन महिने लांबलं की मी सीव्ही काढून बसतो. उपाशीपोटी कोड जास्त अस्सल होतो असं मॅनेजर म्हणाला, तर त्याच दिवशी राजीनामा देईन. मग हुकरने मात्र आपल्या कानांच्या समाधानासाठी जन्मभर गरीब का राहायचं?

अल्बममध्ये खोट आहे, मान्य. शीर्षकगीतात सान्तानाची गिटार इतकी पसरते की यजमान कोण आणि पाहुणा कोण, असा प्रश्न पडतो. ही टीका संगीताची आहे, ती खुशाल करा. 'पैशासाठी केलं' ही टीका नव्हे, ती मालकाची भाषा आहे.

मित्राला मी एवढंच सांगितलं: दुसरी बाजू लाव आणि शेवटचं 'नो सब्स्टिट्यूट' ऐक. पाहुणे गेलेत. हुकर एकटा आहे, सोबत फक्त गिटार. तुझा १९४८चा माणूस तिथेच बसलाय, फक्त या वेळी त्याने स्वतःचं नाव लावलंय.