पॅलेडियमचे नाणे मोडायचे कोठे?

हैदराबादच्या बेगमपेठेत डिसेंबर २०२२ मध्ये सोन्याची नाणी देणारे यंत्र बसविण्यात आले. बँकेच्या यंत्रातून नोटा काढाव्यात, तशी अर्ध्या ग्रॅमपासून शंभर ग्रॅमपर्यंतची नाणी त्यातून मिळू लागली. सोन्याचे भाव मध्यमवर्गीयांच्या आवाक्याबाहेर गेल्यावर आता पॅलेडियमची नाणी घेऊन ठेवावीत, असा सल्ला देणारेही भेटू लागले आहेत. ते सोन्याचा न्याय या धातूला सरसकट लावतात. तो लावता येतो काय, हे पैसे टाकण्यापूर्वी पाहिले पाहिजे.

पॅलेडियम हा दुर्मिळ धातू आहे, यात शंका नाही. १८०२ मध्ये वोलास्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने तो शोधला. जगातील त्याचे बहुतांश उत्पादन रशिया व दक्षिण आफ्रिका या दोन देशांतूनच होते. कॅनडाने २००५ मध्ये व अमेरिकेने २०१७ मध्ये त्याची नाणी काढली. परंतु या धातूची खरी मागणी दागिन्यांची नव्हे, पेट्रोल मोटारींच्या धुराड्याची आहे. विषारी धूर निवळविणाऱ्या उपकरणात तो लागतो. म्हणजे ज्याने नाणे कपाटात ठेवले, त्याचे भवितव्य मोटार कारखानदारांच्या हाती! विजेवरच्या मोटारीला तर हे उपकरणच लागत नाही.

याचा अनुभव बड्याबड्यांनी घेतला आहे. रशियाचा पुरवठा अडखळल्यामुळे २००१ च्या आरंभी भाव औंसाला हजार डॉलरांवर गेला. टंचाईच्या धास्तीने फोर्ड कंपनीने साठा करून ठेवला. पुढे भाव कोसळला आणि कंपनीच्याच अभियंत्यांनी कमी पॅलेडियममध्ये काम भागविण्याची युक्ती काढली. जानेवारी २००२ मध्ये कंपनीला सुमारे एक अब्ज डॉलरांचे नुकसान हिशेबी दाखवावे लागले. मार्च २०२२ मध्ये, युक्रेन युद्धाच्या धामधुमीत, हाच भाव ३,४०० डॉलरांच्या पुढे गेला व दोन वर्षांच्या आत हजाराच्या खाली आला. ज्यांच्याजवळ खाणीच्या व कारखान्याच्या बातम्या असतात त्यांची ही गत, तर पेन्शनीच्या पैशांतून नाणे घेणाऱ्याची काय कथा?

हैदराबादचाच इतिहास येथे आठवतो. निजामाच्या हाली सिक्क्याचे सात रुपये म्हणजे सरकारी सहा, हा हिशेब मराठवाड्यातील जुन्या पिढीला तोंडपाठ होता. १९५९ मध्ये हाली सिक्क्याचे चलन संपले. छाप गेली, पण रुपया चांदीचा होता. तो वजनावर घेणारा सोनार गावोगाव होता. निजामाने १९६५ मध्ये देशाला पाच हजार किलो सोने दान केले, अशी आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. वस्तुतः त्यांनी ४२५ किलो सोने राष्ट्रीय संरक्षण सुवर्णरोख्यांत गुंतविले होते आणि मुदतीअंती सोन्याच्या बदल्यात सोनेच मिळण्याची हमी सरकारने दिली होती. एवढा धनाढ्य माणूसही परतीची वाट पाहूनच आत शिरला, यात आम्हांस काही वावगे वाटत नाही.

आम्हां गोमंतकीयांना तर हे सांगावयासही नको. बँको नासियोनाल उल्त्रामारिनोकडे गहाण ठेवलेले येथील लोकांचे दागिने १९६१ मध्ये लिस्बनला गेले ते १९९१ मध्ये परत आले. तीस वर्षे हाल झाले, कित्येक धनी दरम्यान वारले. पण परत आलेली पाटली म्हापशाच्या कोणत्याही सोनाराने कसोटीवर घासून घेतली असती. पॅलेडियमचे नाणे तो कशावर घासणार? त्याला पांढऱ्या सोन्याच्या मिश्रणापलीकडे या धातूचे काम नाही. भारतीय मानक ब्युरोचा हॉलमार्कही सोन्याचांदीपुरताच आहे. विकत घेताना तीन टक्के वस्तू व सेवा कर आणि विक्रेत्याचा नफा भरावयाचा, आणि मोडावयास गेल्यावर गिऱ्हाईक शोधत फिरावयाचे, असा हा व्यवहार आहे.

बंदी घाला, असे आमचे म्हणणे नाही. ज्याला हौस आहे त्याने घ्यावे. परंतु असे नाणे विकणाऱ्याने विक्रीच्या भावाशेजारीच, तेच नाणे आपण त्या दिवशी कोणत्या भावाने परत घेऊ, तो आकडा ठळकपणे लावण्याची सक्ती केंद्र सरकारने करावी. ग्राहकांनीही पावतीवर तो आकडा लिहून मागावा. दुकानदार का-कू करू लागला, तर नाणे त्याच्याच काचेच्या कपाटात राहू द्यावे.