मूळव्याध समजून थांबू नका

मार्च हा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या जागृतीचा महिना. वरणगावसारख्या गावात त्यावर मोकळेपणी बोलायला हवे, कारण हा आजार अनेकदा मूळव्याधीच्या नावाखाली अंगावर काढला जातो. शौचातून रक्त पडते, पोट साफ होत नाही. माणूस चूर्ण आणतो, इसबगोल घेतो आणि लाजेपोटी घरातही बोलत नाही.

आतड्याच्या डाव्या भागात पोकळी अरुंद आणि मळ घट्ट. गाठ वाढत गेली की वाट बुजते. मग एखाद्या रात्री पोट नगाऱ्यासारखे फुगते, वारा सरत नाही, उलट्या सुरू होतात. इथून जळगाव सुमारे ४० किलोमीटर. तिथे रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर येतो तो अंगातले पाणी आटलेल्या अवस्थेत. आतडे फुटले असेल तर मळ पोटभर पसरलेला. अशा वेळी आतड्याची टोके जोडणे धोक्याचे, म्हणून बऱ्याचदा पोटावर शौचाची पिशवी लावावी लागते. हीच गाठ आधी सापडली असती, तर सीटी स्कॅन झाला असता, रक्त भरून निघाले असते, साखर आटोक्यात आली असती आणि गाठीसोबत किमान १२ लसिका ग्रंथी तपासणीसाठी नीट काढता आल्या असत्या.

पाश्चात्त्य देशांतल्या नोंदी पाहा. नियोजित शस्त्रक्रियेनंतर महिनाभरात शंभरातले दोन-तीन रुग्ण दगावतात, तातडीच्या शस्त्रक्रियेनंतर दहाच्या आसपास. हा सगळा फरक घाईचा नाही, हेही खरे. तातडीने येणाऱ्यांचा आजार मुळातच पुढे गेलेला असतो, वयही अनेकदा जास्त असते. पण तो पुढे जाण्याआधीचे महिने आपल्याच हातातले असतात.

सरकारी कर्करोग तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, आतडे नाही. त्यामुळे सारी भिस्त पहिल्या डॉक्टरांवर. त्यांना आमची कळकळीची विनंती: बोटाने गुदद्वाराची तपासणी केल्याशिवाय मूळव्याधीचे औषध लिहू नका. कारण न कळता हिमोग्लोबिन उतरत असेल, तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर भागवू नका. दुर्बिणीच्या तपासणीला पाठवा. जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगावरच्या शस्त्रक्रिया येतात.

वाचकहो, वय कितीही असो, रक्त दिसले तर लाज बाजूला ठेवून डॉक्टरांना सांगा. आणि पोट फुगून वारा सरायचा थांबलाच, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री निघा; त्या घडीला तातडीची शस्त्रक्रियाच जीव वाचवते.