सामर्थ्याचीही जकात असते

रमजानचे शेवटचे दिवस जवळ आले की मानपाड्यातल्या मुस्लिम घरांतही जकातीचा हिशेब सुरू होतो. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी मालमत्ता वर्षभर शिल्लक राहिली असेल, तर तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, गरजूंना द्यायचा. या मर्यादेला निसाब म्हणतात. जो स्वतःच अडचणीत आहे त्याच्यावर जकातीचे बंधन नाही. ज्याच्याकडे आहे त्याची मात्र सुटका नाही. शिवाय देणाऱ्याने उपकाराची भाषा करायची नाही, कारण तो घेणाऱ्याचा हक्क मानला आहे.

हा नियम पैशापुरताच का असावा? जगातले संघर्ष शमवणे ही बलाढ्य राष्ट्रांची मर्जी की नैतिक जबाबदारी, याचे उत्तर याच हिशेबात सापडते. 1945 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन झाला, तेव्हा पाच देशांना सुरक्षा परिषदेत कायमची जागा आणि नकाराधिकार मिळाला. अधिकाराबरोबर शांतता राखण्याची जबाबदारीही आली. आज हेच पाच देश जगातल्या मोठ्या शस्त्रविक्रेत्यांतही आहेत. आग विझवणाराच रॉकेल विकत असेल, तर बंब वेळेवर कसा पोहोचणार?

बलाढ्यांनी दूर राहिलेलेच बरे, असेही काहीजण म्हणतात. त्यात तथ्य आहे. 2003 मध्ये महासंहारक अस्त्रांचे कारण सांगून इराकवर हल्ला झाला. अस्त्रे सापडली नाहीत, देश मात्र मोडला. पण दूर राहण्याचीही किंमत असते. 1994 मध्ये रवांडात कत्तल सुरू असताना सुरक्षा परिषदेने तिथले शांतिसैनिक कमी केले. सुमारे शंभर दिवसांत लाखो माणसे मारली गेली. स्वार्थ असेल तिथे घुसायचे आणि नसेल तिथे पाठ फिरवायची, याला जबाबदारी म्हणत नाहीत.

मग जबाबदारी कशाला म्हणायचे? हजरत मुहम्मद पैगंबर (स.) तरुणपणी मक्केतील एका करारात सहभागी झाले होते. येमेनहून आलेल्या एका व्यापाऱ्याचे पैसे मक्केतल्या वजनदार माणसाने बुडवले होते. तेव्हा काही घराण्यांनी शपथ घेतली की, अन्याय सोसणारा परका असला आणि करणारा आपला असला, तरी आपण सोसणाऱ्याच्या बाजूने उभे राहू. हा करार ‘हिल्फुल फुजूल’ म्हणून ओळखला जातो. शत्रूला न्याय शिकवणे सोपे असते. मित्राचा हात धरणे अवघड.

निःपक्षपातीपणाचे असे अवघड काम एका मराठी माणसानेही केले. कोरियातील युद्ध थांबवण्याच्या वाटाघाटी युद्धकैद्यांच्या प्रश्नावर दीर्घकाळ अडल्या होत्या. जुलै 1953 मध्ये युद्धबंदी झाली आणि मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या 22 हजारांहून अधिक कैद्यांना सांभाळण्याचे काम भारताकडे आले. त्या दलाचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओलीस धरले, तेव्हा थोरात स्वतः त्यांच्या छावणीत गेले आणि बोलणी करून त्याला सोडवून आणले. स्वतंत्र होऊन सहाच वर्षे झालेल्या भारताकडे ना संपत्ती होती ना धाक. दोन्ही बाजूंची टीका सोसूनही कोणाची बाजू न घेणे, एवढेच त्याचे भांडवल होते.

आजचा भारत तेव्हाइतका दुबळा नाही. आंतरराष्ट्रीय शांतता वाढवण्यासाठी आणि तंटे लवादाने मिटवण्यासाठी राज्याने झटावे, असे राज्यघटनेचे कलम 51 सांगते. म्हणजे सामर्थ्याचा निसाब आपल्यालाही लागू होतो.

हा प्रश्न आपल्या उंबऱ्यापासून दूरही नाही. ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात आखाती देशांत नोकरी करणाऱ्यांची घरे आहेत, हिंदूंची आणि मुस्लिमांचीही. तिकडे बॉम्ब पडल्याची बातमी आली की फोन लागेपर्यंत दोन्ही घरांत घास उतरत नाही. शांतता हा त्या घरांचा हक्क आहे. कोणाच्या मर्जीची खैरात नव्हे.